गोळी वाटली, रक्त वाढलं का? किशोरवयातला ॲनिमिया आणि देशाची उद्दिष्टं

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी मधली शीर्षकं दिली आहेत. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय पत्रिकेत 'किशोरवयीनांचं आरोग्य आणि राष्ट्रीय उद्दिष्टं' असा छापला आहे. हा विषय खूप मोठा आहे. किशोरवय म्हणजे वयाची १० ते १९ वर्षं. २०११ च्या जनगणनेत या वयाची मुलं-मुली होती सुमारे २५ कोटी ३० लाख, म्हणजे देशातला दर पाचवा माणूस. त्यांचं खाणंपिणं, मानसिक आरोग्य, व्यसनं, अपघात, लवकर होणारी लग्नं, सगळंच तासाभरात घ्यायला गेलो तर तुमच्या हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच धागा धरणार आहे, ॲनिमियाचा. आपल्याकडे साध्या भाषेत 'अंगात रक्त कमी आहे' म्हणतात, ते.

हाच का? कारण ही गोष्ट मोजता येते, उपाय माहीत आहे, उपाय स्वस्त आहे, आणि देशाने त्यासाठी आकड्यात उद्दिष्ट ठरवलं होतं. इतकं सगळं जुळून आलं असताना आकडा खाली यायला हवा होता. तो वर गेला. असं का झालं हे समजून घेतलं की राष्ट्रीय उद्दिष्ट दिल्लीत कागदावर लिहिल्यापासून सातवीतल्या मुलीच्या ताटापर्यंत कसं पोहोचतं, आणि वाटेत कुठे गळतं, हे आपोआप कळेल.

आधी आकडे

पडद्यावर बरेच आकडे दिसतायत, पण लक्षात दोनच ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ॲनिमियाचं प्रमाण होतं ५४.१ टक्के. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ते झालं ५९.१ टक्के. पाच टक्क्यांनी वर.

याच काळात, २०१८ मध्ये, केंद्र सरकारने 'ॲनिमियामुक्त भारत' ही मोहीम आणली. त्याच वर्षी ८ मार्चला पोषण अभियान सुरू झालं होतं. दोन्हीकडे उद्दिष्ट एकच होतं, ॲनिमियाचं प्रमाण दरवर्षी तीन टक्क्यांनी खाली आणायचं. किशोरवयीन मुलींसाठी ५४ वरून २०२२ पर्यंत ३६ वर यायचं होतं. उतरायचं होतं अठरा टक्के, आणि आपण चढलो पाच टक्के.

मुलांचं काय? १५ ते १९ च्या मुलग्यांमध्ये २९.२ टक्क्यांवरून ३१.१ टक्के. म्हणजे हा फक्त मुलींचा आजार नाही, जवळजवळ दर तिसऱ्या मुलाला तो आहे. पण मुलगे यातून बरेचसे बाहेर पडतात. १५ ते ४९ वयाचे सगळे पुरुष घेतले तर प्रमाण २५ टक्क्यांवर येतं. मुली मात्र तिथेच राहतात. १५ ते ४९ च्या सगळ्या स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के आहे. मुलग्यांसाठी हा एक टप्पा असतो, मुलींसाठी तो मुक्काम होतो.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं, ते ५४.२ टक्के झालं. यावर लगेच कुणीतरी म्हणतं, 'अहो, मध्ये कोविड होता.' कोविडने नुकसान केलंच. पण महाराष्ट्रातलं सर्वेक्षण पहिल्या टप्प्यात, २०१९ मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच झालं होतं. तेव्हा आपल्या आकड्यासाठी ती सबब चालत नाही.

मोहिमेवरही अन्याय नको. २०१८ ला सुरू झालेल्या योजनेचा निकाल २०१९ मध्ये मागणं बरोबर नाही. पण आठवड्याला लोहाची गोळी देण्याचा शाळेतला कार्यक्रम त्याच्या आधीपासून, साधारण २०१३ पासून, देशभर चालू आहे. हिशेब करून बघा. २०१९ मध्ये ज्या मुली १५ ते १९ वर्षांच्या होत्या, त्या २०१३ मध्ये नऊ ते तेरा वर्षांच्या होत्या. त्यांचं जवळजवळ सगळं किशोरवय या गोळीच्या काळातच गेलं आहे. त्यामुळे हा प्रश्न विचारायला आपल्याला पूर्ण मुभा आहे.

कणगी आणि ताट

शरीरात लोह कसं चालतं ते आधी बघू. गावाकडे घरात धान्याची कणगी असायची. रोजचं ताट कणगीतल्या धान्यावर भरतं. पीक कमी आलं तर पहिल्या दिवशी ताट रिकामं होत नाही. आधी कणगीचा तळ दिसायला लागतो, आणि ती संपली की मग ताटातली भाकरी कमी होते.

शरीराची कणगी म्हणजे साठवलेलं लोह. ते फेरिटिन नावाच्या प्रथिनात असतं, यकृतात आणि अस्थिमज्जेत. ताट म्हणजे हिमोग्लोबिन, रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं लाल द्रव्य. लोह कमी पडायला लागलं की आधी साठा संपतो आणि हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. म्हणजे एखाद्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलेलं तपासणीत दिसतं, तेव्हा तिची कणगी बरीच आधी रिकामी झालेली असू शकते. मधल्या काळात ती 'नॉर्मल' म्हणून घरी गेलेली असते.

आणि किशोरवयात या कणगीवर दोन बाजूंनी मागणी येते. पहिली, वाढ. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षाखालोखाल माणूस इतक्या झपाट्याने वाढतो तो याच वयात. मोठेपणीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग या काही वर्षांत अंगावर चढतो. शरीर मोठं झालं की रक्तही जास्त लागतं, स्नायूही वाढतात, आणि दोन्हीला लोह लागतं. मुलग्यांमध्ये ॲनिमिया दिसतो तो मुख्यतः यामुळे, आणि वाढ थांबली की तो बराचसा ओसरतोही.

दुसरी मागणी फक्त मुलींना. पाळी सुरू झाली की दर महिन्याला साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि त्याच्याबरोबर सुमारे १५ मिलिग्रॅम लोह. ऐकायला हे थोडं वाटतं. पण आपल्या पोळी-भात-डाळीच्या जेवणातल्या लोहापैकी शंभरातले पाच-आठ भागच आतड्यातून रक्तात जातात. म्हणजे १५ मिलिग्रॅमची भरपाई करायला जेवणातून दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास जादा लोह पोटात जावं लागतं. म्हणूनच आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं असं म्हटलं आहे, आणि त्याच वयाच्या मुलाला २२. १६ ते १८ ला मुलीची गरज ३२ वर जाते. प्रौढ पुरुषाची गरज आहे १९. आता आपल्या घरातलं वाढप आठवा. जास्तीची पोळी, जास्तीचं दूध, अंडं आधी कुणाच्या ताटात जातं? ज्याची गरज १९ आहे त्याच्या, की जिची ३२ आहे तिच्या?

यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात. अळिवात लोह चांगलं असतं. डिंक, खारीक, खोबरं, सगळं तिच्यासाठी. परंपरेला हे नक्की कळलं होतं की रक्त गेलेल्या बाईला भरून काढावं लागतं. पण तेच रक्त दर महिन्याला जायला सुरुवात होते ती बाराव्या-तेराव्या वर्षी. तेव्हा त्या मुलीला लाडू मिळत नाही. आणि आपल्या सरकारी उद्दिष्टांचंही बहुतांशी तसंच झालं आहे. लक्ष गेलं ते गरोदर बाईकडे आणि तान्ह्या मुलाकडे. मधली मुलगी राहून गेली.

मोजपट्टीतली फट

'मधली राहून गेली' हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. कागदावर तसं दिसतं.

भारतात ॲनिमियाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० सालचा. तो तेव्हा गरोदर आणि स्तनदा माता आणि लहान मुलं यांच्यासाठी होता. जगाचं उद्दिष्टही असंच. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठरवलं की ॲनिमिया निम्म्यावर आणायचा. कुणातला? १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला. शाश्वत विकास उद्दिष्टांतला निर्देशांकही १५ ते ४९ चाच. आणि आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण रक्त तपासतं ते सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचं आणि मग थेट १५ च्या पुढच्यांचं.

म्हणजे ५ ते १४ वर्षं या वयाच्या मुलामुलींचं बोट या सर्वेक्षणात टोचलंच जात नाही. नेमकी वाढ सुरू होते, पाळी येते, कणगी रिकामी व्हायला लागते, ती वर्षं मोजपट्टीत नाहीत. ती मुलगी आपल्या आकडेवारीत येते थेट पंधराव्या वर्षी, तेही बऱ्याचदा आधीच ॲनिमिक होऊन. मग आपण म्हणतो, 'अरे, निम्म्याहून जास्त मुलींना ॲनिमिया आहे!' तो काही पंधराव्या वाढदिवसाला झालेला नसतो.

ही फट एकदा भरली गेली. २०१६ ते २०१८ मध्ये 'व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण' झालं, जन्मापासून १९ वर्षांपर्यंतच्या मुलांचं. सुमारे १ लाख १२ हजार मुलं-मुली, त्यातल्या ५१ हजारांहून अधिक जणांच्या रक्ताचे वगैरे नमुने. त्यात १० ते १९ वयात ॲनिमिया निघाला २८ टक्के. मुलींमध्ये ४० टक्के, मुलग्यांमध्ये १८.

आता तुम्ही म्हणाल, मघाशी ५४ आणि ५९ म्हणालात, आता ४०? दोन कारणं आहेत. एक, यात दहा-अकरा वर्षांच्या लहान मुलीही आहेत. दुसरं, रक्त घेण्याची पद्धत वेगळी. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोट टोचून आलेला थेंब छोट्या यंत्रात तपासतात. बोट दाबलं की रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळू शकतं आणि आकडा हलतो. पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेतल्या स्वयंचलित यंत्रावर तपासलं. जागतिक आरोग्य संघटनाही शक्य तिथे शिरेतलंच रक्त घ्या असं सांगते. म्हणून या दोन सर्वेक्षणांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वजाबाकी करायची नाही. पण ५४ आणि ५९ हे दोन्ही आकडे बोट टोचूनच आले आहेत, म्हणून त्यांची आपसातली तुलना पद्धतीच्या नावाखाली उडवून लावता येत नाही.

पुढे काय झालं? कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणी वगळण्यात आली, आणि हे काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार आणि जैवखुणांच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे दिलं गेलं. शिरेतलं रक्त तपासणार असतील तर शास्त्र म्हणून हे चांगलंच आहे. पण त्याचा एक परिणाम होतो. जुन्या पट्टीने मोजलेलं ५९ आणि नव्या पट्टीने येणारा आकडा यांची तुलना होऊ शकणार नाही. नवा आकडा कमी आला तर 'ॲनिमिया घटला' अशी बातमी येईल. तेव्हा तुम्ही विचारायचं, पट्टी बदलली की मुलगी बदलली?

निळी गोळी

आता उपायाकडे येऊ. सहावी ते बारावी, सरकारी आणि अनुदानित शाळा, आठवड्यातून एकदा, जेवणानंतर एक निळी गोळी. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लहान मुलांसाठी गुलाबी, गरोदर बायकांसाठी लाल, किशोरवयीनांसाठी निळी, अशी रंगांची विभागणी आहे. शाळेबाहेरच्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळायची असते. शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी, कारण आतड्यातले काही कृमी रक्त पितात.

कल्पना उत्तम आहे. मग अडतं कुठे? मला तीन जागा दिसतात.

पहिली जागा म्हणजे गोळी आणि पोट यांच्यातलं अंतर. नोंदवहीत लिहिलं जातं किती गोळ्या वाटल्या. किती गिळल्या गेल्या हे लिहिणं अवघड. लोहाच्या गोळीने काहींना मळमळतं, पोट दुखतं, शौचाला काळं होतं. हे निरुपद्रवी आहे, पण आधी सांगितलं नसेल तर मुलगी घाबरते, आई त्याहून घाबरते, आणि पुढच्या आठवड्यापासून गोळी दप्तरात राहते. एका वर्गात दोघींना मळमळलं की अख्ख्या शाळेत अफवा पसरते. अनेक ठिकाणी गोळीचा वार सोमवार असतो. ज्या मुलीला सोमवारचा उपवास असेल ती रिकाम्या पोटी गोळी घेणार, आणि तिला त्रास होणारच. वार बदलायला एक पैसा लागत नाही, पण त्यासाठी कुणीतरी मुलींना विचारायला हवं.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची. आठवड्याची निळी गोळी ही प्रतिबंधासाठी आहे, उपचारासाठी नाही. ज्या मुलीला आधीच सौम्य किंवा मध्यम ॲनिमिया आहे तिला मोहिमेच्याच मार्गदर्शिकेनुसार रोज दोन गोळ्या, तीन महिने द्यायच्या असतात, आणि मग परत रक्त तपासायचं असतं. आठवड्याला एक आणि रोज दोन, म्हणजे चौदापट फरक. आता बघा, वर्गात साठ मुली आहेत. सर्वेक्षण सांगतं त्यातल्या निम्म्या तरी ॲनिमिक असतील. आणि सगळ्या साठ जणींना मिळते आठवड्याला एक गोळी. कारण कुणाचं हिमोग्लोबिन किती हे माहीतच नाही. तपासा, उपचार करा, बोला, हे सूत्र मोहिमेने स्वतः सांगितलं आहे. पण तपासणी हा त्यातला महाग आणि कष्टाचा भाग. त्याला यंत्र लागतं, पट्ट्या लागतात, प्रशिक्षित माणूस लागतो. वाटणं त्या मानाने सोपं. म्हणून वाटणं होतं आणि तपासणं मागे पडतं.

इथे महाराष्ट्राचा एक दुवा सांगतो. शाळेतल्या मुलांच्या तपासणीचा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' देशात सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ ला, आपल्या पालघरमधून. या कार्यक्रमाची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात. म्हणजे रचना आहे, गाडी आहे, डॉक्टर आहे. त्या भेटीत प्रत्येक किशोरवयीन मुलीचं हिमोग्लोबिन खरोखर मोजलं जातं का, मोजलं तर तो आकडा मुलीला आणि घरच्यांना कळतो का, आणि तीन महिन्यांनी तिला परत कोण बघतं, एवढ्या तीन गोष्टींवर सगळं अडलेलं आहे.

तिसरी जागा म्हणजे सगळा ॲनिमिया लोहाचा नसतो. पोषण सर्वेक्षणात रक्तातलं फेरिटिनही तपासलं होतं. १० ते १९ वयात लोहाची कमतरता निघाली २२ टक्क्यांच्या आसपास, फॉलेटची ३७ टक्के आणि बी-१२ ची ३१ टक्के. तांबडी पेशी बनायला ही तिन्ही लागतात. निळ्या गोळीत लोह आहे, फॉलिक ॲसिड आहे, बी-१२ नाही. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. ज्या घरात दूध चहापुरतं येतं आणि अंडं परवडत नाही किंवा चालत नाही, तिथे नुसत्या लोहाने काम अर्धंच होणार.

आणि विदर्भ, नंदुरबार या भागांत सिकलसेल आहे. तिथल्या एखाद्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी दिसलं तर कारण जनुकीय असू शकतं, आणि तिला गोळ्यांचा डोस वाढवत नेणं हा उपाय नाही. तिला सिकलसेलची तपासणी हवी. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे. या दोन मोहिमा एकाच मुलीकडे दोन वेगळ्या रजिस्टरांतून बघत राहिल्या तर उपयोग नाही. त्यांची गाठ गावातच पडायला हवी.

नववीत काय थांबतं

आता गोळी सोडून ताटाकडे. शाळेतलं दुपारचं जेवण, ज्याला आता पीएम पोषण म्हणतात, ते आठवीपर्यंत मिळतं. नववीत गेलं की बंद. मुलगी नववीत असते तेव्हा तिचं वय चौदा-पंधरा. मघाचा तक्ता आठवा, तेव्हा तिची रोजची गरज ३० मिलिग्रॅम आहे आणि पुढच्या वर्षी ३२ होणार आहे. गरज चढत असताना ताट काढून घेतलं जातं.

अंगणवाडीतून किशोरींसाठी पोषण आहाराची योजना आहे. पूर्वी ती ११ ते १४ च्या शाळाबाह्य मुलींसाठी होती. नंतर ती १४ ते १८ साठी झाली, पण आकांक्षित जिल्ह्यांपुरती आणि ईशान्येकडच्या राज्यांपुरती. महाराष्ट्रात आकांक्षित जिल्हे चार आहेत, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव. बीडच्या ऊसतोड कामगाराची मुलगी, वसतिगृह नाही म्हणून आईवडिलांबरोबर फडावर जाणारी, ती शाळेच्या गोळीतूनही सुटते आणि या योजनेच्या नकाशातही बसत नाही.

आणि इथेच लग्नाचा प्रश्न येतो. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आधी हे २६.३ टक्के होतं, म्हणजे घट झाली, ती चांगलीच गोष्ट. पण अजूनही पाचातली एक. या मुली रिकाम्या कणगीने गरोदर होतात. मग आरोग्य यंत्रणा जागी होते, लाल गोळ्या देते, महिन्याला तपासते. पण नऊ महिन्यांत दहा वर्षांची तूट भरत नाही. बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, बाळाच्या स्वतःच्या लोहाचा साठाही तुटपुंजा राहतो, आणि ती तूट पुढच्या पिढीकडे जाते. मातामृत्यू आणि बालमृत्यूची जी राष्ट्रीय उद्दिष्टं आहेत ना, त्यांचा पाया सातवी-आठवीच्या वर्गात आहे.

२०१४ च्या ७ जानेवारीला 'राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला तो हाच विचार घेऊन. किशोरवयीनांकडे 'भावी आई' म्हणून न बघता, आज त्यांना काय हवं ते बघायचं. पोषण, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा आणि अपघात, व्यसनं, असंसर्गजन्य आजार असे सहा विषय. आपल्याकडची मैत्री क्लिनिकं त्यातलीच. ही दृष्टी मला पूर्ण पटते. कारण ॲनिमियाचं नुकसान तिच्या बाळंतपणापर्यंत थांबत नाही. दुपारच्या तासाला तिचं लक्ष लागत नाही, जिना चढताना दम लागतो, ती कबड्डी सोडून देते, आणि आपण म्हणतो 'आळशी आहे.' ते नुकसान आजचं आहे आणि तिचं स्वतःचं आहे.

मग उद्दिष्ट कसं असावं?

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. उद्दिष्टात नुसती टक्केवारी लिहून चालत नाही. ते पोहोचवणाऱ्या माणसाला रोज काय मोजायचं हेही त्यात असावं लागतं. आज शिक्षिका मोजते गोळ्या, आरोग्यसेविका मोजते गोळ्या, तालुका मोजतो गोळ्या, आणि दिल्ली मोजते रक्त. मधल्या सगळ्यांचं काम शंभर टक्के आणि शेवटचा निकाल उणे पाच, हे त्यातूनच होतं.

म्हणून तीन बदल. एक, १० ते १४ वयोगट राष्ट्रीय मोजणीत कायमचा आणि वेगळा दाखवा. दोन, वर्षातून एकदा शाळेत हिमोग्लोबिन, आणि जिचं कमी आहे तिची तीन महिन्यांनी फेरतपासणी. तालुक्याचा अहवाल असावा 'किती मुली सापडल्या आणि त्यातल्या किती बऱ्या झाल्या' असा. तीन, दुपारचं जेवण बारावीपर्यंत आणि त्यात जमेल तिथे अंडं. यातलं काहीही शोधून काढायचं बाकी नाही. सगळं सुट्या तुकड्यांत आज अस्तित्वात आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*बीट, डाळिंब, गूळ खाऊन रक्त वाढतं का?*

लाल रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. बीट-डाळिंब खाऊ नका असं नाही, पण त्यांच्यावर विसंबू नका. गुळात थोडं लोह असतं, पण आपण गूळ खातो खडाभर. त्यापेक्षा बाजरी, हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, तीळ, अळीव, आणि चालत असेल त्यांनी मटण, कलेजी, मासे. मांसातलं लोह शरीर जास्त सहज घेतं. कडधान्यं मोड आणून खाल्ली की लोह जास्त मिळतं, आणि वरून लिंबू पिळलं की आणखी. आपले कांदेपोहे घ्या, पोह्यात लोह, वर लिंबू, जोडी छान आहे. फक्त त्याच्याबरोबर कपभर चहा प्यायला की चहातली द्रव्यं बरंचसं लोह अडवून ठेवतात. चहा तासाभराने घ्या. गोळीचंही तेच, चहा किंवा दुधाबरोबर नको, पाणी किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि लोखंडी तवा, लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा.

*माझी मुलगी खासगी इंग्रजी शाळेत आहे. तिला हे लागू होतं का?*

तिथे सरकारी निळी गोळी बहुधा पोहोचत नाही, पण ॲनिमिया पोहोचतो. श्रीमंत घरांतल्या मुलींमध्येही तो पुष्कळ आहे. कारणं वेगळी असतात, सकाळचा नाश्ता बुडवणं, वजनाच्या भीतीने जेवण तोडणं, पाळीत जास्त रक्तस्राव होत असूनही कुणाला न सांगणं. पाळी सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन करा. सोळाव्या वर्षी दहावीच्या क्लासला आपण हजारो रुपये भरतो. त्यामानाने ही तपासणी काहीच नाही.

*हिमोग्लोबिन ११ आलं, मुलीला काही त्रास नाही. गोळ्या द्यायच्या का?*

हो. डॉक्टरांना दाखवून द्यायच्या आणि तीन महिन्यांनी परत तपासायचं. हळूहळू उतरलेल्या हिमोग्लोबिनची शरीर सवय करून घेतं, म्हणून त्रास जाणवत नाही. तीन महिने नीट गोळ्या घेऊनही वाढलं नाही, तर थांबायचं आणि कारण शोधायचं. बी-१२, सिकलसेल, थॅलेसेमिया, जंत, जास्त रक्तस्राव, यातलं काय आहे ते बघायचं. गोळ्या मात्र मनाने दुप्पट करायच्या नाहीत.

*आम्ही पालक म्हणून शाळेत काय करू शकतो?*

पुढच्या पालकसभेत चार प्रश्न विचारा. गोळी कोणत्या वारी देता आणि जेवणानंतर देता का? वर्गात, शिक्षिकेसमोर गिळली जाते की घरी पाठवता? आरोग्य पथक शेवटचं कधी आलं आणि हिमोग्लोबिन तपासलं का? आणि ज्यांचं कमी आलं त्यांच्या घरी कळवलं का? भांडायला जाऊ नका. शिक्षिकेवर आधीच दहा रजिस्टरं आहेत. तिच्या मदतीला दोन आया महिन्यातून एकदा शाळेत बसल्या, तरी दप्तरातल्या गोळ्या पोटात जायला लागतील.

वेळ संपली आहे. ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांची मुलगी आहे त्यांनी या वर्षी अळिवाचे लाडू करताना तिचा डबा आधी भरा.